टेनामेंटच्या गॅरेजात वेटलिफ्टिंगची जागा: साडेनऊ फूट रुंदी, उताराची कोटा फरशी, पुराचं पाणी (वडोदरा)

स्नॅच_शिकाऊ

नमस्कार. मांजलपूरमधल्या टेनामेंटच्या (छोट्या जोडघराच्या) गॅरेजात ऑलिम्पिक वेटलिफ्टिंगची जागा करायची आहे. स्नॅच (बार एका झटक्यात डोक्यावर), क्लीन अँड जर्क (आधी खांद्यावर, मग डोक्यावर) आणि स्क्वॉट (बार खांद्यावर घेऊन बैठका), एवढंच. ट्रेडमिल, केबल मशीन काही नको. उचलणारे दोघं: मी ५ फूट ३ इंच, भाऊ ५ फूट १० इंच.

मापं अशी: रुंदी साडेनऊ फूट, लांबी १८ फूट. स्लॅब ९ फूट ४ इंचांवर. फाटकापासून १३ फुटांवर एक आडवा बीम, त्याचा तळ ८ फूट ६ इंचांवर. खाली कोटा फरशी, फाटकाकडे उतार, इतका की बार ठेवला तर घरंगळेल. फाटकालगत जमिनीखाली पाण्याची टाकी आहे. डावी भिंत आमची आणि शेजाऱ्यांची एकच. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी गॅरेजात दीड फूट चढलं होतं, ते पुन्हा येईल असं धरूनच काम करायचंय.

प्लॅटफॉर्म (उभं राहून बार उचलायचा आणि टाकायचा लाकूड-रबराचा चौथरा) कशावर आणि कसा बांधायचा? बार २० किलोचा घ्यावा की १५ चा? रॅक (स्क्वॉटसाठी बार टेकवायचा लोखंडी सांगाडा) तयार आणावा की मकरपुरा जीआयडीसीत (इथल्या औद्योगिक वसाहतीत) करून घ्यावा? सगळे पैसे एकदम घालता येणार नाहीत, तर आधी काय?

पाणसळ

ताई, आधी टाकीचं बघा. टाकीचं झाकण दोन फुटांचं दिसतं, पण खाली टाकी पाच-सहा फुटांची असते आणि तिची कड कुठे संपते हे वरून कळत नाही. झाकण उघडून लांब काठी आत आडवी सरकवा, चारही बाजूंच्या भिंतींपर्यंतचं अंतर मोजा आणि ते खडूने फरशीवर आखा. त्या चौकोनावर प्लॅटफॉर्मची कडसुद्धा येता कामा नये. टाकीचा स्लॅब उभ्या गाडीचं वजन सोसेल अशा हिशेबाने केलेला असतो. डोक्यावरून सुटलेला शंभर किलोचा बार म्हणजे वेगळं प्रकरण, तो धक्का आहे. आधी बारीक तडा जातो, मग टाकीत मातीचं पाणी झिरपायला लागतं, आणि पुराच्या दिवसांत त्यातून काय काय आत येईल ते सांगायला नको. जुन्या सोसायट्यांत गॅरेजाखाली खाळकुवा (शोषखड्डा) किंवा ड्रेनेजचं चेंबर पण असतं. घराचा जुना नकाशा काढून बघाच.

मग फरशी. हातोडीच्या लाकडी दांड्याने दर फुटावर ठोकत जा. भरीव जागी टणक आवाज येतो, पोकळ जागी बद्द. वडोदऱ्यात बऱ्याच भागांत काळी माती आहे. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. शिवाय पुराचं पाणी ओसरताना भरावातली बारीक माती वाहून नेतं, म्हणून एकदा पाणी येऊन गेलेल्या घरात कोट्याखाली पोकळी सापडण्याची शक्यता बरीच. पोकळ कोट्यावर कितीही जाड प्लाय टाका, महिनाभरात खालची लादी फुटते आणि प्लॅटफॉर्म त्या कोपऱ्यात डुगडुगायला लागतो.

उतार पाण्याच्या नळीने मोजा. पारदर्शक नळी, हवेचा बुडबुडा राहू न देता पाण्याने भरलेली, एक टोक घराकडे, एक फाटकाकडे. आठ फुटांत एक सेंटिमीटरपर्यंत फरक असेल तर सोडून द्या. तुमच्या वर्णनावरून तो दोन-अडीच सेंटिमीटर असावा. तेवढ्यात बार दर वेळी फाटकाकडे पळणार, आणि क्लीन करताना वजन पायाच्या बोटांवर येणार किंवा टाचांवर, तोंड कुठे करता त्यावर. हे चालवून घेऊ नका.

यावर सगळ्यात जास्त केली जाणारी चूक म्हणजे प्लायच्या खालच्या टोकाला लाकडी फाचरी मारून तो समतल करणं. दोन फाचरींच्या मधली जागा पोकळ राहते आणि प्लाय नेमका तिथे मोडतो. कोट्यावरच सिमेंट-वाळूचा उतरता थर देणं ही दुसरी. तो एका टोकाला अडीच सेंटिमीटर आणि दुसऱ्या टोकाला कागदाएवढा होतो, आणि पातळ टोक पहिल्या आठवड्यात भुगा होतं. गुळगुळीत कोट्यावर टाचे मारले तरी तो धरत नाही.

बरोबर काम असं: प्लॅटफॉर्मपुरता अडीच मीटर बाय अडीच मीटर कोटा काढा, खालचा मसाला खरवडा, घराकडच्या टोकाला शेजारच्या फरशीपासून चार इंच खोल जाईपर्यंत. तळ धुम्मसने घट्ट ठोका. ८ मिमीची सळई दोन्ही दिशांनी आठ-आठ इंचांवर, आणि वर एम-२० काँक्रीट, म्हणजे सिमेंट १, वाळू दीड, खडी ३. सरासरी १० सेंटिमीटर जाडीला माल साधारण पाऊण घनमीटराच्या आत बसतो, सिमेंटच्या पाच-सहा गोण्या लागतील. वरची पातळी घराकडच्या फरशीशी जुळवा. मग फाटकाकडचं टोक फरशीच्या दोन-अडीच सेंटिमीटर वर राहील. दोन्ही बाजूंना साधारण आठ-आठ इंचांची पट्टी कोट्याचीच राहू द्या, म्हणजे धुण्याचं आणि पावसाचं पाणी तिथून निघून जाईल. सात दिवस पाणी मारा. प्लॅटफॉर्म दहा दिवसांनी घातला तरी चालेल, पण बार टाकायला २८ दिवस थांबा. कडिया (गवंडी) घाई करेल, तुम्ही करू नका.

सुतारकाम

लाकडाचं मी सांगतो. वर सांगितलेलं तळाचं काम सरळ झालं असेल तर लाकूड सोपं आहे.

प्लायची शीट ८ बाय ४ फुटांची येते, म्हणून घरगुती प्लॅटफॉर्म ८ बाय ८ चा करतात. स्पर्धेचा ४ मीटर बाय ४ मीटर असतो, तेवढा लागत नाही. शीट पाच लागतील, १९ मिमी, बीडब्ल्यूपी (उकळत्या पाण्यातही टिकणारा) मरीन, शीटवर आयएस ७१० चा शिक्का बघून. कमर्शियल एमआर (फक्त ओलावा सोसणारा) प्लाय कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नका, एका पावसाळ्यात पापुद्रे सुटतात.

काँक्रीटवर आधी २५० मायक्रॉनचं प्लास्टिक, जोडावर एक फूट चढवून. पहिल्या थरात दोन शीट गॅरेजच्या लांबीला समांतर. दुसऱ्या थरात दोन शीट आडव्या, म्हणजे वरचा सांधा खालच्या सांध्यावर येणार नाही. दोन्ही थर ३२ मिमीच्या स्क्रूने, दर फुटावर एक. १९ आणि १९ मिळून ३८ होतात, ३२ चा स्क्रू काँक्रीटला टेकत नाही. यापेक्षा लांब घेतला तर टोक खाली निघतं, प्लास्टिक फाडतं आणि प्लायला वर उचलून धरतं. स्क्रू स्टेनलेसचे घ्या आणि फेविकॉल अजिबात लावू नका. तुमच्याकडे पाणी येतं, तर हा प्लॅटफॉर्म खोलता आला पाहिजे. चिकटवलेला खोलता येत नाही, मग तो भिजलेला सँडविच तसाच आतून कुजतो.

तिसऱ्या थरात मध्ये प्लाय, दोन्ही बाजूंना रबर. इथे बहुतेक लोक चार फुटांची अख्खी शीट मध्ये टाकतात आणि दोन-दोन फूट रबर. हिशेब करून बघा. बारच्या दोन आतल्या कॉलरमधलं (प्लेट ज्यांना टेकते त्या कड्यांमधलं) अंतर १३१ सेंटिमीटर, म्हणजे प्लेट मध्यापासून साडेपासष्ट सेंटिमीटरवर सुरू होते. चार फुटी प्लाय एकसष्टवर संपतो. बार जेमतेम साडेचार सेंटिमीटर बाजूला पडला की प्लेटची कड लाकडावर आपटते. म्हणून वरची शीट ११० सेंटिमीटरला कापून घ्या आणि रबर प्रत्येक बाजूला ६७ सेंटिमीटर द्या. रबराच्या २० मिमीच्या एक मीटर चौरस टाइल्स मिळतात. एका बाजूला तीन, एकूण सहा. एक टाइल साधारण वीस किलोची, तेव्हा आणायला टेम्पो लागेल.

१९ चा प्लाय आणि २० चं रबर, एक मिलिमीटर रबर वर राहतं, ते बरोबर आहे. उलटं झालं तर प्लायची कड प्लेटच्या माऱ्याने तुटत जाते. कापलेल्या प्रत्येक कडेला प्रायमरचे दोन हात द्या, पाणी तिथूनच शिरतं. वरून ग्लॉस पॉलिश करू नका. त्यावर चॉकची पूड पडली की बूट सरकतो. मॅट पीयूचा (पॉलियुरेथेनचा) एक पातळ हात पुरे. पाय ठेवायच्या जागेत स्क्रूची डोकी नकोत, चारही कडांना घ्या आणि खोल बसवा.

सेहेचाळीस_किलो

उंचीचा हिशेब कोणी केला नाही, तो आधी करा, कारण तो जमला नाही तर बाकी सगळं फुकट.

भावाला लिफ्टिंगचे बूट घालून, हात सरळ वर करून, जर्कच्या पकडीने काठी धरायला सांगा. जमिनीपासून काठीपर्यंत मोजा. ५ फूट १० इंचांच्या माणसाचं हे बुटांशिवाय २२० सेंटिमीटरच्या आसपास येतं, बुटाच्या टाचेचे दोन. त्यात प्लेटची त्रिज्या साडेबावीस, कारण पूर्ण प्लेट ४५० मिमीची असते. प्लॅटफॉर्मची जाडी सहा. झाले अडीचशे. वर किमान १५ सेंटिमीटर मोकळे हवेत, कारण लिफ्ट डळमळली की बार वर-मागे जातो. म्हणजे २६५. तुमचा स्लॅब २८४ वर आहे, भरपूर. बीमचा तळ मात्र २५९ वर आहे, तिथे नाही जमणार.

पण बीम १३ फुटांवर आहे. टाकी सहा फुटांवर संपते असं धरलं आणि प्लॅटफॉर्म सव्वासहा फुटांवर सुरू केला, तर त्याचा मध्य सव्वादहा फुटांवर येतो. बीमपासून पावणेतीन फूट. ठीक आहे. प्लॅटफॉर्मच्या मध्याचा पट्टा रंगाने आखून ठेवा, आणि भावाने त्या पट्ट्याच्या मागे सरकून जर्क करायचा नाही हा नियम. ट्यूबलाइट भिंतींवर, बीमच्या उंचीखाली. पंखा छताला नको. भिंतीवरचा किंवा पायावरचा मोठा पंखा घ्या. मे महिन्यात चाळीसच्या वर पारा गेला की लोखंडी शटर बंद असलेलं गॅरेज भट्टी होते. सकाळी आठच्या आत संपवता आलं तर उत्तम.

आता रुंदी. साडेनऊ फूट म्हणजे २९० सेंटिमीटर. २० किलोचा बार २२० चा, प्रत्येक बाजूला ३५ राहतात. १५ किलोचा बार २०१ चा, बाजूला ४४ राहतात. प्लेट चढवताना माणूस बारच्या टोकापाशी उभा राहतो, त्याला आणि प्लेटच्या जाडीला मिळून ३५ अगदी अडचणीचे आहेत. जमतं, पण प्लेट तिरकी करून. बोटं भिंतीत सापडतात ती इथेच.

म्हणून माझं मत: पहिला बार १५ किलोचाच घ्या. लोकांना वाटतं तो बायकांचा म्हणून कच्चा. तसं नाही. मीराबाई चानूने टोकियोला क्लीन अँड जर्कमध्ये उचललेले ११५ किलो १५ किलोच्याच बारवर होते. त्याची जाडी २५ मिमी, २० किलोच्या बारची २८. तुमच्या तळहाताला हुक ग्रिप (अंगठा बोटांखाली दाबून धरलेली पकड) २५ वर बसेल, २८ वर अंगठा पोहोचायला त्रास होईल. भावाला पातळ बारने काहीच बिघडत नाही. दोन्ही बारच्या कॉलरमधलं अंतर १३१ च आहे, म्हणजे स्नॅचची रुंद पकड त्यालाही मिळेल. अडचण एकच. १५ च्या बारची बाही (प्लेट चढवायचं फिरतं टोक) ३२ सेंटिमीटर, २० च्या बारची साडेएकेचाळीस. भुशाच्या रबराची २० किलोची प्लेट नऊ सेंटिमीटरपर्यंत जाड असते, अशा तीनच बसतात. एकूण १३५ किलो. भाऊ तिथे पोहोचेल तेव्हा दुसरा बार घ्या.

दुकानात बार विकत घेताना तीन गोष्टी करा. बार दोन स्टूलवर ठेवून हाताने फिरवा आणि मधला दांडा बघत राहा. तो लाटांसारखा वर-खाली दिसला तर बार वाकडा आहे. मग बाही हाताने फिरवा. दोन्ही बाजू सारख्या आणि खडखड न करता फिरल्या पाहिजेत. तिसरं, बार काट्यावर ठेवा. काळ्या ऑक्साइडचा बार हाताला छान लागतो, पण आपल्याकडच्या जुलै-ऑगस्टमध्ये तो सगळ्यात आधी गंजतो. हार्ड क्रोम घ्या, जमलं तर स्टेनलेस.

प्लेट्स: ५, १०, १५ च्या एकेक जोडी रबराच्या, २.५ आणि १.२५ च्या लोखंडाच्या. १५ च्या बारसकट साडेब्याऐंशी किलो होतात, सुरुवातीला दोघांना पुरेत. पुढे २० ची जोडी. पाच किलोच्या रबरी प्लेट एकट्या वरून टाकू नका. त्या पातळ असतात, सगळा मार त्यांच्या कडेवर येतो, त्या बशीसारख्या वाकतात आणि मधली लोखंडी कडी सैल होते. टाकायचं असेल तर किमान दहाची जोडी. स्वस्त प्लेटचं वजन छापल्याप्रमाणे असेलच असं नाही. दुकानात एकाच वजनाच्या चार प्लेट काट्यावर ठेवून ज्या दोन जवळच्या निघतील त्या जोडीने घ्या, नाहीतर बार दर वेळी एका बाजूला वळतो आणि दोष तंत्राला दिला जातो.

वेल्डर_मकरपुरा

रॅक करून घ्या, पण कागदावर माप दिल्याशिवाय नाही. फॅब्रिकेटरला जिमचा रॅक म्हटलं की तो डोळ्याच्या अंदाजाने सव्वाचार-साडेचार फूट रुंद करतो. कॉलरमधलं अंतर १३१ सेंटिमीटर आहे हे वर आलंच आहे. रॅकची बाहेरची रुंदी १२० ठेवा. दोन्ही बाजूंना साडेपाच सेंटिमीटर सुटतात. १२८-१३० केली तर बार हुकांवर ठेवताना कॉलर खांबावर आपटते, एका हाताची बोटं मध्ये येतात.

चार खांबांचा पिंजराच करा. दोन खांबांचा उभा रॅक करून पुढे सेफ्टीचे (फसलेला बार अडवणारे आडवे) हात काढले, तर तो तोल सांभाळायला पुढे पाय लांब काढावा लागतो, आणि पुढे तुमचा प्लॅटफॉर्म आहे. पिंजऱ्याला हा प्रश्न नाही, वजन चारही खांबांच्या आत पडतं. खोली बाहेरून ११० सेंटिमीटर. प्लॅटफॉर्म २४४, रॅक ११०, मिळून ३५४. टाकीनंतर तुमच्याकडे ३६६ आहेत. बसतं.

पाइप ६० बाय ६० चौकोनी, ३ मिमी जाडीचा. मीटरला सव्वापाच किलोच्या आसपास भरतो. खांब २१० सेंटिमीटरचे चार, बाजूच्या आडव्या चार, रुंदीच्या तीन (मागे वर-खाली, पुढे फक्त वर, म्हणजे आत पाय अडकणार नाही), आणि सेफ्टीच्या दोन. एकूण साधारण १८ मीटर. पाइप सहा मीटरचा येतो, पण कापताना वाया जातं म्हणून चार नग घ्या, उरलेल्यात प्लेट टांगायचे खुंटे होतील. दोन मिलिमीटर जाडीचा पाइप कोणी सुचवला तर नको म्हणा. भोकांभोवती तो दबतो.

भोकं हा खरा जीव आहे. १७ मिमी भोक, १६ मिमी पिन, दर ५० मिमीला. वेल्डिंगच्या आधी चारही खांब एकत्र शिकंज्यात धरून, ड्रिल मशीनवर आरपार. हँड ड्रिलने एकेक खांब करत गेलं की डाव्या-उजव्या भोकांत दोन-तीन मिलिमीटर फरक पडतो, बार कायमचा तिरका बसतो आणि वेल्डिंग झाल्यावर त्याला इलाज नाही. हुक ८ मिमी पत्र्याचे, आतून नायलॉनची पट्टी स्क्रूने, नाहीतर हुक बारचे दाते (पकडीसाठीची खरखरीत नक्षी) खातो. सांध्यांना चारही बाजूंनी पूर्ण वेल्ड मागा. ठिपके मारून वर लांबी-रंग केलेलं काम दिसायला सारखंच दिसतं, म्हणून रंगाच्या आधी एकदा जाऊन बघा. पाइपची उघडी टोकं पत्र्याने बंद, पण खांबाच्या तळाशी ६ मिमीचं एक भोक ठेवा. पूर आला तर आत शिरलेलं पाणी तिथून निघेल. हे भोक नसेल तर खांब आतून गंजतो आणि बाहेरून कळत नाही.

स्नॅच_शिकाऊ

सगळ्यांचे मनापासून आभार. टाकी काठीने मोजली. कड फाटकापासून पावणेसहा फुटांवर निघाली, म्हणजे तुमचा हिशेब बसतो. नळीने उतार आठ फुटांत २.३ सेंटिमीटर.

आता दोन शंका. शेजारी आजी-आजोबा आहेत आणि भिंत एकच आहे, तर आवाजाचं काय करावं? प्लॅटफॉर्मखाली फोम घातला तर? आणि पाऊस, दमट हवा, पूर यांत बार-प्लेट सांभाळायच्या कशा?

पाणसळ

फोम नको. मऊ गोष्ट खाली असली की प्लॅटफॉर्म तरंगतो, पाय रोवताना ताकद तिथेच जिरते आणि प्लायचे सांधे कचकचतात. आवाज भिंतीतून कमी आणि जमिनीतून जास्त जातो, धम्म असा. नवीन काँक्रीट भिंतीला लागून ओतू नका, आठ इंच सोडलेच आहेत. प्लॅटफॉर्मची कडही भिंतीला कुठे टेकू देऊ नका, मधल्या फटीत एक बूट किंवा खोका अडकवला तरी त्यातून आवाज पलीकडे जातो. याउपर आवाज कमी करायचा तर रबराच्या पट्ट्यांवर आणखी एक थर म्हणून दोन जाड मऊ पॅड मिळतात, ते जड दिवशी ठेवा. आजी-आजोबांची दुपारची झोप कधी ते विचारून घ्या. दुसऱ्या कुठल्याही रबरापेक्षा त्याचा उपयोग जास्त होईल.

सेहेचाळीस_किलो

बार वरून सोडून देऊ नका, हात लावून कमरेपर्यंत आणा आणि तिथून सोडा. क्लीन अँड जर्कमध्ये हे बहुतेक वेळा करता येतं. स्नॅच फसला तर सोडावाच लागतो. आणि रिकामा बार कधीच टाकायचा नाही, रॅकच्या सेफ्टीवर तर भरलेलाही नाही. लोखंडावर लोखंड पडलं की बार मध्येच वाकतो, तो परत सरळ होत नाही.

दमटपणाचं सांगतो. चॉक म्हणजे मॅग्नेशियम कार्बोनेट, ते घाम आणि हवेतला ओलावा धरून बारच्या दात्यांत बसतं. प्रत्येक वेळी झाल्यावर नायलॉनच्या ब्रशने दाते झटका. तारेचा ब्रश नको, तो मुलामा काढतो. पावसाळ्यात पंधरा दिवसांनी, एरवी महिन्यातून एकदा शिलाई मशीनचं तेल फडक्यावर घेऊन बारला पुसा आणि कोरड्या फडक्याने उरलेलं काढा. बाहीच्या दोन्ही टोकांच्या फटीत दोन-दोन थेंब. गंज सोडवायचा फवारा इथे तेल म्हणून मारू नका, तो आतलं तेल धुऊन काढतो आणि स्वतः उडून जातो.

नवीन रबराचा वास बंद गॅरेजात डोकं उठवतो. टाइल्स बसवण्याआधी सौम्य साबणाच्या पाण्याने धुऊन दोन दिवस सावलीत उभ्या ठेवा. स्कूटर किंवा गाडी तिथेच लावणार असाल तर व्यायामाच्या वेळी ती बाहेर हवी, आणि शटर बंद असताना इंजिन कधीच चालू करू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

सुतारकाम

पुरासाठी: विश्वामित्री वाढतेय अशी बातमी आली की पहिलं काम बार रॅकच्या वरच्या हुकांवर, पाच फुटांवर. बाहीतल्या बेअरिंगमध्ये गाळ गेला तर बार खोलावा लागतो. प्लेट भिजल्या तर फारसं बिघडत नाही, लोखंडी कड्या नंतर पुसून तेल लावा. वेळ असेल तर रबराच्या टाइल्स काढून दोन माणसांनी वर नेता येतात. प्लाय राहू द्या, एक शीट ३५-४० किलोची आहे.

पाणी ओसरलं की त्याच दिवशी स्क्रू काढा, थर सुटे करा, गाळ धुवा आणि शीट सावलीत उभ्या, मध्ये पट्ट्या ठेवून वाळवा. उन्हात टाकल्या तर एका दुपारीत पापडासारख्या वळतात. खालचं प्लास्टिक फेकून नवीन घाला. वाळलं की नाही हे बघायला काँक्रीटवर दीड फुटाचा प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेप लावून २४ तास ठेवा. आतून थेंब दिसले तर अजून थांबा.

विजेचे सॉकेट चार-साडेचार फुटांवर घ्या आणि गॅरेजची लाइन वेगळी, ३० मिलिॲम्पिअरच्या आरसीसीबीवर (वीज गळली की लाइन तोडणाऱ्या स्विचवर).

दांडियाबाजार

एक छोटीशी भर. माणिकरावांच्या आखाड्याच्या (वडोदऱ्याच्या जुन्या व्यायामशाळेच्या) गावात आहात, तर कुणीतरी या गॅरेजात मुद्गलही (फिरवायचा जड लाकडी सोटा) ठेवेलच. मुद्गल फिरवताना उंचीपेक्षा मागची जागा जास्त लागते. रॅकच्या पुढे उभं राहून फिरवू नका, प्लॅटफॉर्मच्या मध्यावर फाटकाकडे तोंड करून, आणि टेकवायचा तो रबरावर. वरच्या प्लायवर मुद्गलाचा बुंधा आपटला की खळगा पडतो आणि पुढे बूट तिथेच अडखळतो.

वेल्डर_मकरपुरा

पैशांच्या क्रमाचं राहिलंच. काँक्रीट आणि प्लॅटफॉर्म, मग १५ चा बार आणि प्लेट्स, रॅक शेवटी. रॅक येईपर्यंत बार क्लीन करून खांद्यावर घ्या आणि फ्रंट स्क्वॉट करा, सहा महिने त्यावर निघतात. रॅक आल्यावर पिंजऱ्याच्या आत १२ मिमीचं रबर कोट्यावर टाका, आणि सेफ्टी तुमच्या आणि भावाच्या सगळ्यात खालच्या स्क्वॉटच्या बारखाली दोन-तीन सेंटिमीटरवर येईल ते भोक शोधून दोन वेगळ्या रंगांनी खूण करून ठेवा. चारही खांबांवर, एकाच ओळीत.